येमूल, नग एक

“मानवी सांगाडे, चार,” मी वाचलं. “पैकी एकाला डावा हात नाही.”

“पुढे,” डीन सर म्हणाले.

“हृदयाच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती, सहा. मूत्रपिंडाच्या, दोन. बाळंतपण शिकवायचा पुतळा, एक. येमूल, एक.”

सीईओ प्रणव शेटे यांनी लॅपटॉपमधून मान वर काढली. “हे येमूल कुठल्या कंपनीचं?”

“कंपनीचा नाही,” डीन सर म्हणाले. “भद्रावती पेठेतला आहे.”

मेट्रन ग्रेस सावळे यांनी हातातली फाइल तोंडासमोर धरली. त्या हसत होत्या हे फाइलच्या हलण्यावरून कळत होतं.

सोलापुरातल्या एका धर्मादाय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मी तेव्हा नोकरीला लागले होते. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी थेट तिथं आले होते आणि माझं पद होतं ‘गुणवत्ता विश्लेषक’. सहा महिन्यांची प्रोबेशन होती. त्यातले पाच महिने मी गुणवत्तेचं विश्लेषण सोडून बाकी सगळं केलं होतं. दर मंगळवारी सकाळी साडेआठला रुग्णालय चालवणारी चार माणसं चौथ्या मजल्यावरच्या बोर्डरूममध्ये जमत आणि मी त्यांचं इतिवृत्त लिहीत असे. शेटेसाहेब या चौघांना ‘एक्झिक्युटिव्ह लीडरशिप टीम’ म्हणत. बाकीचे तिघं तिला मंगळवारची मीटिंग म्हणत.

चौथ्या होत्या डॉ. शैला बिराजदार, वैद्यकीय अधीक्षक. मूळच्या भूलतज्ज्ञ. मीटिंगमध्ये त्या फार कमी बोलत. त्यांनी विचारलं, “येमूल म्हणजे आपला परीक्षेचा पेशंट?”

“पेशंट नाही. केस,” डीन सर म्हणाले. “या भागात हृदयाचा असा मर्मर दुसरा नाही.”

डीन डॉ. विश्वनाथ होटगीकर मेडिसिनचे प्राध्यापक होते आणि शिकवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. त्यांनी तिथंच टेबलावर बोटं वाजवून येमूलांचं हृदय ऐकवलं. पहिला ठोका मोठा. मग दुसरा. मग लगेच एक बारीक टक्. आणि मग पुलावरून लांबची मालगाडी जावी तशी घरघर. लहानपणी तापातून झडप आखडलेली, त्यामुळे हे सगळं. अंतिम वर्षाच्या परीक्षेत विद्यार्थ्याला एक रुग्ण तपासायला देतात, त्यानं तासाभरात आजार ओळखायचा असतो. येमूल बारा वर्षं त्या खाटेवर बसत होते. बाहेरगावचे परीक्षक त्यांची आठवण काढत.

“ते सगळं ठीक आहे, सर,” शेटेसाहेब म्हणाले. “पण पुढच्या महिन्यात मानांकनाची तपासणी आहे. त्यांना शैक्षणिक साहित्याच्या यादीत जिवंत माणूस दिसला तर?”

“लागतो, म्हणून यादीत आहे. मागे स्टोअरवाल्यानं विचारलं, परीक्षेला काय काय लागतं ते लिहून द्या. दिलं.”

“त्याला नंबरही टाकलाय,” मी यादीत बघून सांगितलं. “टीचिंग मटेरियल बासष्ट.”

“चिकटवला नाही ना कुठं?” मेट्रननी विचारलं.

असं ठरलं की येमूलांना साहित्याच्या यादीतून काढायचं आणि रुग्णांच्या यादीत घालायचं. काम सोपं होतं म्हणून ते मला दिलं. पुढच्या मंगळवारपर्यंत. त्याच्या नंतरच्या गुरुवारी परीक्षा होती.

काम सोपं नव्हतं, कारण संगणकात येमूल नव्हते. अंबादास नरसय्या येमूल या नावाचा शेवटचा केसपेपर त्याच्याही नऊ वर्षं आधीचा होता. त्यानंतर त्या माणसानं एकदाही ओपीडीत नाव नोंदवलं नव्हतं. तो वर्षातून वीसेक वेळा रुग्णालयात येत होता, पण मेडिसिन विभागाचा शिपाई फोन करायचा आणि तो यायचा. पेपर काढायचा प्रश्नच नव्हता. त्याला काय झालंय हे सगळ्यांना माहीत होतं.

रुग्ण आहे हे दाखवायचं तर अलीकडच्या तपासणीची नोंद हवी. विभागाच्या लिपिकानं मला विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या तपासणीच्या कागदांचा गठ्ठा दिला. गेल्या दोन वर्षांतले, एकेचाळीस कागद. त्याचं म्हणणं होतं, यातला कुठलाही लावा, सगळे सारखेच आहेत.

ते खरंच सारखे होते. मला आजार कळत नाही, पण आकडे कळतात. नाडीच्या रकान्यात अडतीस जणांनी लिहिलं होतं, मिनिटाला शहात्तर, नियमित. दोघांनी अठ्ठ्याहत्तर, नियमित. माणसाची नाडी जेवल्यावर वाढते, झोपल्यावर उतरते, समोर परीक्षा असली की आणखी काही होतं. दोन वर्षांत अडतीस वेळा शहात्तर ही नाडी नव्हे, तो पिनकोड झाला.

एकेचाळिसावा कागद वेगळा होता. नाडी एकशे चार, अनियमित. त्याखाली लाल शाईनं दोन रेघा आणि एक प्रश्नचिन्ह. वर विद्यार्थ्याचं नाव, सुजित फुलारी. खाली परीक्षकांचा शेरा, अनुत्तीर्ण.

शुक्रवारी सकाळी परीक्षेच्या सरावासाठी येमूल येणार होते. मी जिन्यात थांबले. मेडिसिनचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, काखेत पिशवी असे एक पन्नाशीचे गृहस्थ पहिल्या मजल्यावरून वर येत होते. पाच पायऱ्या चढले, थांबले. कठड्याला धरून भिंतीवरचा स्तनपानाचा फलक पूर्ण वाचला. मग चार पायऱ्या.

“येमूल का?” मी विचारलं. “लिफ्टनं का नाही आलात?”

“लिफ्टवाला पेपर मागतो ओ,” ते म्हणाले. “पेशंट असला तर पेपर, स्टाफ असला तर कार्ड. आपल्याकडं दोन्ही न्हाई.” मग माझ्याकडे नीट बघून, “तुम्ही नवीन बॅचच्या का? घाबरू नका. मी हाय की.”

मी डॉक्टर होणार नाही, ऑफिसातली आहे, असं सांगितलं. त्यांचा थोडा हिरमोड झाला. आम्ही पायरीवरच बसलो. ते टॉवेलच्या कारखान्यात मागावर होते, आता दम लागतो म्हणून घड्या घालायच्या कामावर होते.

“दम कधीपासून लागतो?”

त्यांनी घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. “चढताना दम लागणं, बारा वर्षांपासून. हळूहळू वाढत गेलेला. आधी तीन जिन्यांनंतर, आता दोन जिन्यांनंतर. रात्री उठून बसावं लागत नाही. खोकल्यातून रक्त नाही. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला.” एकदम पुस्तकी मराठी. मग ते आपल्या बोलीत परत आले. “अशी सांगतो हिस्टरी. पोरांना लिहून घ्यायला सोपी जाते.”

“पण आत्ता तुम्ही पाच पायऱ्यांवर थांबलात.”

“ते वेगळं. ते हिस्टरीत न्हाई.”

“म्हणजे?”

“आता अर्ध्या जिन्यातच लागतो की ओ. रात्री उशाला दोन उश्या लागतात. पण हिस्टरी मधीच बदलली की पोरं गोंधळतात.”

मी त्यांची नाडी बघू का, असं विचारलं. मी ती यूट्यूबवर बघून शिकले होते, हे सांगितलं नाही. त्यांनी शर्टाची बाही वर करून मनगट माझ्यासमोर धरलं आणि माझी बोटं अर्धा सेंटिमीटर बाहेर सरकवून बरोबर जागेवर ठेवली. मी पूर्ण मिनिट मोजलं. अठ्ठ्याण्णव. पुन्हा मोजलं. एकशे चौदा. तिसऱ्यांदा, एकशे सहा. आकड्यांपेक्षा ताल विचित्र होता. दोन पटपट, एक उशिरा, तीन पटपट, एक गायब. त्यात काही नियम असेल म्हणून मी शोधत होते. नव्हता.

“येमूल, ही अनियमित आहे.”

त्यांनी बाही खाली केली. जिन्यात वरखाली कुणी नाही हे बघितलं.

“मला ठाऊक हाय,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली. छातीत कबूतर फडफडल्यावानी होतं. मी काय कुणाला सांगितलं न्हाई. परीक्षेत एक पोरगा आला, फुलारी. लई शांत. त्यानं नाडी धरली ती सोडेचना. मी दोनदा खोकलो. खोकलो म्हणजे पुढं जा. तो म्हणला, काका, खोकू नका, मोजतोय. पूर्ण मिनिट मोजलं त्यानं. बाकी पोरं पंधरा सेकंद मोजून चारनं गुणतेत. कित्येक तर तेवढंबी न्हाई.”

“आणि?”

“आणि काय. सर आले. म्हणले, येमूलची नाडी अनियमित? दहा वर्षं मी ऐकलालोय हे हृदय. पोरगा म्हणला, सर, एकदा धरून बघता का. सर म्हणले, तू मला शिकवू नको.” येमूलांनी पिशवीचा बंद नीट केला. “मी समोर बसलोय. माझ्या मनगटाचं भांडण चाललंय. मी गप. त्या पोराचे सहा महिने गेले मॅडम. तेव्हापासून मी पोरांना आधीच सांगतो, शहात्तर लिवा, नियमित लिवा, आत जावा.”

तर शहात्तरचा उगम मला सापडला. विज्ञानाचं शिक्षण घेतलेल्या माणसाला उगम सापडला की आनंद होतो. तो साधारण एक मजला टिकला.

मी खाली मेट्रनकडे गेले. ग्रेस सिस्टर बत्तीस वर्षं त्या रुग्णालयात होत्या आणि मी ज्यांना घाबरत नव्हते अशा त्या एकट्याच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. ‘अनियमित’वर त्यांचा चेहरा बदलला.

“झडप आखडलेली आणि नाडी अशी,” त्या म्हणाल्या. “रक्ताची गुठळी होते गं हृदयात. ती उडून मेंदूत गेली की माणूस एका बाजूनं लुळा. रक्त पातळ करायची गोळी चालू हवी. आहे का?”

“नाही. काहीच चालू नाही. ते रुग्णच नाहीत.”

“आजच्या आज दाखव म्हणून सांगितलंस?”

“सांगितलं. ते म्हणाले, परीक्षेच्या आधी काही नको. औषधानं आवाज बदलला तर मुलांचं नुकसान. आणि डीन सरांना विचारल्याशिवाय दुसऱ्या डॉक्टरकडे जाणं त्यांना बरं वाटत नाही.”

मेट्रननी टेबलावरचं येशूचं कॅलेंडर पुढे ओढलं. “डीन सरांना थेट ‘तुमचं चुकलं’ म्हणालीस तर ते तुझं ऐकणार नाहीत, आणि तुझी प्रोबेशनही त्यांच्याच सहीची आहे. ते शनिवार ते सोमवार पुण्याला आहेत. मंगळवारी मांड. आकडे मांड. निष्कर्ष काढू नकोस, तो त्यांना काढू दे. तोवर येमूलांकडे मी बघते.”

मेट्रन शनिवारी, आणि रविवारी चर्चनंतर, भद्रावती पेठेत जाऊन आल्या. त्यांनाही येमूलांनी हिस्टरी सांगितली.

मंगळवारी मी भिंतीवर एक आलेख लावला. आडव्या अक्षावर तारखा, उभ्यावर नाडी. अडतीस ठिपके एका सरळ रेषेत, दोन किंचित वर, एक खूप वर.

“छान,” शेटेसाहेब म्हणाले. “स्थिर कामगिरी.”

“सर, ही माणसाची नाडी आहे. ती अशी सरळ असू शकत नाही,” मी म्हणाले. “असं होण्याची शक्यता मी काढली आहे. दशांशचिन्हानंतर एकतीस शून्यं येतात.”

“आणि तो वरचा ठिपका?” डॉ. बिराजदारांनी विचारलं.

“सुजित फुलारी नावाच्या विद्यार्थ्याचा. तो नापास झाला.”

डीन सरांनी चष्मा काढला. “वैराळे, संख्याशास्त्र कुणासाठी असतं माहितीये? ज्यांना पेशंट बघता येत नाही त्यांच्यासाठी. माझे विद्यार्थी एकमेकांचं बघून लिहितात, हे मला तुमच्या आलेखाशिवाय माहीत आहे. म्हणून येमूलचं हृदय बदलत नाही.”

माझ्याकडे जिन्यातले तीन आकडे होते. ते सांगायला मी तोंड उघडलं आणि मला माझ्या प्रोबेशनवरची महिनाअखेरीची सही दिसली. मेट्रननी टेबलाखालून माझ्या चपलेवर चप्पल दाबली. ती गप्प राहा म्हणून की बोल म्हणून, हे मला आजही माहीत नाही. मी बोलले. “सर, मी स्वतः मोजली. शुक्रवारी, तीनदा. अठ्ठ्याण्णव, एकशे चौदा, एकशे सहा. ताल लागत नव्हता.”

“तुम्ही? कुठं?”

“जिन्यात.”

“जिन्यात,” डीन सर म्हणाले, आणि त्यांनी तो शब्द असा ठेवला की मला माझी एम.एस्सी. परत करावीशी वाटली.

“विश्वनाथ,” डॉ. बिराजदार म्हणाल्या. त्या आणि डीन सर एका बॅचचे होते, पण मीटिंगमध्ये त्यांनी त्यांना नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदाच ऐकली. “तो खाली सरावाला आलाय ना आज? बोलावू वर. वाद कशाला?”

येमूल आले. डॉ. बिराजदारांनी त्यांना लिफ्टनं आणवलं होतं, त्यामुळे ते खुशीत होते. बोर्डरूममध्ये खाट नव्हती. मेट्रननी पाण्याच्या बाटल्या बाजूला केल्या, टेबलावर स्वच्छ चादर टाकली आणि येमूल सवयीनं शर्टाची बटणं काढून टेबलावर बसले. वर पंख्याकडे बघितलं. “हवा लागते चांगली,” ते म्हणाले. “परीक्षा हितंच घ्या की सर.”

“येमूल,” डीन सर म्हणाले, “कसे आहात?”

“मस्त. शहात्तर, नियमित.”

डीन सरांनी माझ्याकडे बघितलं. मग येमूलांचं मनगट धरलं आणि नेहमीसारखं आम्हाला उद्देशून सुरू केलं. “नाडी हातात घेतली की आधी ताल बघायचा. ताल नियमित आहे. आकारमान मध्यम...”

तिथं ते थांबले.

शेटेसाहेबांना वाटलं पुढचा मुद्दा येतोय. त्यांनी पेन उचललं. येमूल खोकले. दोनदा.

“खोकू नका,” डीन सर म्हणाले.

त्यांनी दुसरा हात धरला. मग स्टेथोस्कोप छातीवर ठेवला. डोळे मिटले. बराच वेळ गेला. ते कूस बदलायला सांगत, श्वास रोखायला सांगत, पुन्हा ऐकत. येमूल प्रत्येक सूचना अर्धी यायच्या आत पाळत. शेवटी सर बाजूला झाले आणि डॉ. बिराजदारांनी ऐकलं. शेटेसाहेबांनाही ऐकायचं होतं. त्यांनी डॉ. बिराजदारांचा स्टेथोस्कोप घेतला, कानाला उलटा लावला आणि गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली. कुणी हसलं नाही.

“टक् गेली,” डीन सर म्हणाले. आवाज अगदी हळू होता. “ती बारीक टक्. झडप दगड झाली की जाते. पहिला ठोकाही मऊ झालाय. शैला, हे आत्ताचं नाही. वर्ष, दीड वर्ष तरी.”

“दोन,” येमूल म्हणाले.

“मला का नाही सांगितलं तुम्ही?”

“तुम्ही विचारलं न्हाई ओ सर.” येमूलांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, ते समजावून सांगत होते. “तुम्ही खाटेच्या पायाशी उभारता, सांगता. पोरं ऐकतेत. मीबी ऐकतो. लई भारी सांगता. मला वाटायचं, सर एवढं सांगलालेत तर आत तसंच असंल.”

डीन सर खुर्चीवर बसले. त्यांच्या हातात स्टेथोस्कोप लोंबत होता. शेटेसाहेबांनी घड्याळ बघितलं, विषयपत्रिका बघितली आणि काहीच म्हणाले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवते.

मग सर उठले आणि भराभर बोलू लागले. मेडिसिनच्या अतिदक्षतेत खाट. आजच इको. रक्त पातळ करायचं औषध ताबडतोब. हृदयशल्य विभागाला कळवा. मेट्रन व्हीलचेअर आणायला गेल्या. मी भरतीचा कोरा फॉर्म आधीच आणला होता. त्यावर नाव, वय, पत्ता लिहिला.

“आणि गुरुवारी?” येमूलांनी विचारलं.

“गुरुवारचं विसरा. दुसरा पेशंट मिळेल.”

“असा मिळंल?”

“असा नाही मिळणार,” डीन सर म्हणाले. “नसू दे.”

व्हीलचेअर आली. येमूलांनी शर्टाची बटणं लावली, पण टेबलावरून उतरले नाहीत.

“मी भरती व्हतो,” ते म्हणाले. “एक काम करा आधी. फुलारींना फोन लावा.”

“कोण फुलारी?” शेटेसाहेब म्हणाले.

“आलेखातला वरचा,” मी सांगितलं.

“त्याला बोलू आपण,” डीन सर म्हणाले. “निवांत. आधी तुम्ही खाली चला. तुम्हाला कल्पना नाही किती धोका आहे. कुठल्याही क्षणी...”

“मेट्रनबाईंनी सांगितलंय. एका बाजूनं लुळा पडंन.” येमूल टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते. “दोन वर्षं न्हाई पडलो, पाच मिनटात काय पडतो. सर, त्या पोरानं खरं सांगितलं आणि मी समोर बसून गप ऱ्हायलो. मला झोप लागत न्हाई. दम लागतो म्हणून न्हाई लागत, असं मी बायकोला सांगतो. तुम्ही फोन लावा, मी निघतो.”

डॉ. बिराजदार खिडकीकडे बघू लागल्या. मेट्रननी खिशातून मोबाइल काढला. त्यांच्याकडे गेल्या बत्तीस वर्षांतल्या सगळ्यांचे नंबर होते. “मंगळवेढ्याकडे एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे तो,” त्या म्हणाल्या. “मेडिकल ऑफिसर. घ्या सर, वाजतोय.” आणि स्पीकर लावून फोन त्यांच्या हातात दिला.

पलीकडे लहान मुलं रडत होती. एक नाही, दहाबारा.

“हॅलो,” डीन सर म्हणाले. “फुलारी का? मी होटगीकर बोलतोय.”

“कोण?”

“डॉक्टर होटगीकर. डीन.”

“हां, बोला डीनसाहेब. मी आरोग्यमंत्री बोलतोय,” पलीकडून आवाज आला. “सच्या, लसीकरण चालू आहे बे. आणि तुला सरांचा आवाज अजून जमत नाही, नाकातून काढ जरा.” फोन बंद झाला.

शेटेसाहेब टेबलाखाली पडलेलं पेन शोधू लागले. पेन पडलेलं नव्हतं. डीन सरांनी स्वतः पुन्हा नंबर लावला. उचलल्याबरोबर ते वॉर्डात मुलांना विचारत तसं नाकातून म्हणाले, “फुलारी, एप्रन कुठाय?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “घातलाय सर.”

“बसा.”

“हो सर. सॉरी सर. मला वाटलं...”

“ते असू दे. दोन वर्षांपूर्वी तुम्ही परीक्षेत येमूलची नाडी लिहिली होती.”

“हो सर. एकशे चार, अनियमित. चूक झाली सर.”

“चूक नव्हती.” डीन सरांनी टेबलाकडे बघितलं. येमूलांनी भुवया उचलल्या, विद्यार्थ्यानं अर्धंच उत्तर दिल्यावर उचलत असतील तशा. “मी आत्ता बघितली. तुमचं बरोबर होतं. मी नाडी न धरता तुम्हाला नापास केलं. ते चुकीचं होतं.”

पलीकडे फक्त मुलं रडत राहिली. मग फुलारींनी विचारलं, “सर, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे ना त्यांना?”

“आज सुरू करतोय.”

“म्हणजे दोन वर्षं नव्हतं?”

“नव्हतं.”

“ते आत्ता कुठे आहेत?”

“समोर बसलेत.”

“कुठे समोर? वॉर्डात?”

“बोर्डरूममध्ये,” डीन सर म्हणाले. “टेबलावर.”

“सर,” फुलारी म्हणाले, अगदी आदबीनं, “तुम्ही फोन ठेवा. आधी ते करा.” आणि त्यांनीच ठेवला.

दीड महिन्यानं येमूलांची झडप बदलली आणि दिवाळीला ते अजून मला फोन करतात. माझी प्रोबेशनही संपली, कुणी न विचारता. पण त्या सकाळचं मला आठवतं ते यानंतरचं. येमूल टेबलावरून उतरून व्हीलचेअरमध्ये बसले. मेट्रननी चाकांचा ब्रेक काढला. माझ्या हातातल्या फॉर्मवर एक रकाना रिकामा होता आणि मी तो शुक्रवारच्या आकड्यावरून भरायला घेतला.

“थांबा,” डीन सर म्हणाले.

ते व्हीलचेअरसमोर गुडघ्यावर बसले, येमूलांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघू लागले. पंधरा सेकंद झाले. तीस झाले. शेटेसाहेब दार उघडून उभे होते. येमूल खोकले नाहीत. काटा फिरून बारावर आला तेव्हा सरांनी मान वर केली.

“एकशे दहा,” ते म्हणाले. “अनियमित. लिहा.”